सगळ्यांचं बोअर ठरवणारे राव

"आधी अंतर सांगा. मग बोअर विचारा."

बंदुकीच्या बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या मापाबद्दल, कुणी काहीही विचारलं की राव पहिल्यांदा हे बोलायचे, आणि बोलताना डावा डोळा बारीक करायचे. विचारणारा दोन हातांवर उभा असायचा, पण रावांच्या चेहऱ्यावरून वाटायचं, तो सहाशे यार्डांवर कुठल्यातरी झुडपाआड आहे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला एकाच विषयातलं सगळं कळतं आणि त्याच विषयात जो स्वतः उपाशी राहतो. आमचे राव तसे होते.

मी बेळगावकडचा. एकोणीसशे पन्नासच्या दशकात बंगळूरला एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो. तिथे मराठी माणसाने आडनाव काहीही लावलं तरी महिनाभरात त्याचा राव होतो. मी धाकटा राव झालो, कारण शेजारच्या बोर्डावर थोरले राव आधीपासून होते. त्यांचं घराणं बंगळूरचंच. "आमचे लोक फौजेबरोबर आले हो, तीनशे वर्षांमागे," ते सांगायचे. "परत जायचं तेवढं राहून गेलं." हे ते हसून सांगत, म्हणून मीही हसत असे.

त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरली होती की 'स्वल्प' हा शब्द चहात साखर किती हे सांगायला पुण्यात कुणी वापरत नाही, हे त्यांना माझ्याकडून कळलं. त्यावर ते "अय्यो" म्हणाले आणि दिवसभर त्याच विचारात होते.

कारखान्यातल्या हौशी मंडळींचा एक रायफल क्लब होता. रविवारी सकाळी आम्ही सर्जापूरच्या रस्त्याने सायकली हाणत शहराबाहेर जायचो. दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं आणि पुढे लष्कराची रेंज. एरवी पॉइंट टू-टूच्या छोट्या रायफली, आणि लष्कराची मर्जी असेल त्या रविवारी थ्री-नॉट-थ्री. लांबच्या निशाणाची खरी मजा त्या दिवशी असे. क्लबात कुणाला परवाना मिळाला, कुणाला रायफल घ्यायची असली, की तो पहिल्यांदा रावांकडे यायचा.

चिकपेठेतल्या एका हॉटेलमालकाला असाच नवा परवाना मिळाला. त्याला बाजारातलं सगळ्यात मोठं बोअर हवं होतं.

"अंतर?" रावांनी विचारलं.

"अंतर कसलं? आवाज मोठा पाहिजे."

"सरी," राव कानडीत 'बरं' म्हणाले. "मग फटाके घ्या. परवानाही लागत नाही."

तो तणतणत गेला आणि आठवड्याने थर्मासभर कॉफी घेऊन परत आला. रावांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि शाळेतल्या मास्तरच्या मायेने सगळं समजावलं.

ते समजावणं ऐकण्यासारखं असे. टू-टू म्हणजे शंभर यार्डांची सोबत. त्यापुढे वारा गोळीला बोट धरून कुठेही नेतो. थ्री-नॉट-थ्री प्रामाणिक, पण ते लष्करी बोअर, तुम्हाआम्हाला घरी ठेवता येत नाही, आणि रेंजवर मिळतात त्यांच्या नळ्या झिजलेल्या. सरकारी शस्त्रकारखान्यात बनते ती देशी थ्री-फिफ्टीन रानडुकराला छान. गोळी जड आणि तोंडाला बोथट, लांब जाता जाता दमते आणि खाली बसते. थर्टी-ओ-सिक्स उत्तम, पण खांदा सोलवटतो आणि काडतुसं मिळत नाहीत. "खांदा घाबरला की बोट घाबरतं," राव म्हणायचे. "आणि बोट घाबरलं की हजार यार्डांवर माणूसभर चूक होते."

शेवटी ते टू-सेव्हन-फाइव्हवर यायचे. विलायती बोअर, मापाने सात मिलिमीटर. गोळी सडपातळ आणि लांब, वारा कापत जाणारी, आणि धक्का इतका कमी की दिवसभर झाडत राहा. तिच्याबद्दल बोलताना त्यांचा बारीक केलेला डोळा आपोआप उघडायचा.

"मग तुम्ही का नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"तुम्हाला टू-टू पुरे," राव म्हणाले. "तुमचा धीर शंभर यार्डांचा आहे." आणि विषय बदलला.

त्यांच्या घरी कोणती रायफल आहे हे मला कळलं तेव्हा मी आधी हसलो. फोर-नॉट-फाइव्ह! करंगळीएवढ्या जाडीची, बोथट गोळी. जवळून बिबट्या उताणा पाडील, पण लांबच्या निशाणावर मारली तर झाडावरून नारळ पडावा तशी खाली येईल. ती होती त्यांच्या थोरल्या भावाच्या परवान्यावर. परवान्यात रावांचं नाव 'रिटेनर' म्हणून घातलेलं, म्हणजे मालकाच्या वतीने हत्यार बाळगणारा माणूस. "कायद्याने मी आमच्या अण्णांचा गडी," राव सांगायचे. स्वतःच्या नावाने परवाना मागून पाहिला, तर उत्तर आलं की घरात एक आहे, दुसरी कशाला?

त्यांचं घर बसवनगुडीत होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी अण्णांचा पलंग. अण्णांना कमरेखाली काही कळत नव्हतं. तरुणपणीच बैलगाडी अंगावर कलंडली होती. वरचं अंग मात्र पैलवानाचं, आणि आवाज असा की समोरच्या मारुतीच्या देवळातले लोक मागे वळून बघायचे. पलंगाच्या वर, भिंतीवर, ती फोर-नॉट-फाइव्ह आडवी टांगलेली.

"तम्मा!" अण्णा हाक मारायचे. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलेले, चष्म्याचे, अर्धे पिकलेले राव "आलो अण्णा" म्हणत धावायचे. अण्णांना कुशीवर वळवणं, उचलून न्हाणीघरात नेणं, दाढी करणं, सगळं रावच करायचे. गडी ठेवून पाहिला होता, अण्णांच्या बायकोचा, वैनींचा, भाचाही येऊन राहिला होता, पण रावांना कुणाचं काम पसंत पडलं नाही. रेंजवर सगळे रंगात आलेले असत आणि हा माणूस मध्येच सायकल काढी, कारण अण्णांच्या आंघोळीची वेळ झालेली असे. क्लबाच्या मेजरसाहेबांनी दोनदा त्यांचं नाव दिल्लीच्या स्पर्धेसाठी घातलं. दोन्ही वेळा रावांनी ते स्वतः जाऊन खोडलं. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायचे, "वेळ कुठे आहे हो?"

मला अण्णांचा राग यायचा. पलंगावर पडून हा माणूस एक अख्खं आयुष्य वापरतो आहे असं वाटायचं.

एकोणीसशे साठनंतरच्या एका वर्षी आमच्या क्लबातला एक म्हातारा इंग्रज, कॉफीच्या मळ्याचा मालक, सगळं विकून मायदेशी निघाला. त्याच्याकडे टू-सेव्हन-फाइव्ह होती, लांबच्या निशाणासाठी मुद्दाम बनवून घेतलेली. परदेशी रायफली येणं तेव्हा जवळजवळ बंद झालं होतं, म्हणजे अशी दुसरी दिसायचीही शक्यता नव्हती. त्याने रावांची नेमबाजी पाहिली होती. एका रविवारी त्याने ती रावांच्या हातात दिली आणि म्हणाला, ही तुमच्याकडे राहिली तर मला बरं वाटेल.

राव जमिनीवर पालथे पडले, दस्ता खांद्याला लावला, आणि बराच वेळ एकही गोळी न झाडता तसेच राहिले. मी जवळ जाऊन पाहिलं तर चष्म्याआड डोळे भरले होते.

अडचण एकच होती. अण्णांच्या परवान्यावर एकच हत्यार बसत होतं. जुनी रायफल बंदुकांच्या दुकानदाराकडे जमा करायची आणि त्याच वेळी नवी चढवून घ्यायची, असा बदल करता येत होता. त्यासाठी अर्जावर अण्णांची सही हवी होती. राव महिनाभर ते विचारूच शकले नाहीत. शेवटी मीच कागद त्यांच्या खिशात कोंबला. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"सही केली नाही?"

"केली. वाचलंही नाही. काही बोललेच नाहीत. फार दुखावलेत अण्णा."

मी कपाळावर हात मारून घेतला. सही न करणारा भाऊ मी समजू शकतो. मुकाट्याने सही करणाऱ्या भावाचं काय वाईट वाटून घ्यायचं, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

सरकारी मंजुरी सरकारी चालीने आली, ती नवरात्रात अष्टमीच्या संध्याकाळी. त्या इंग्रज साहेबाची गाडी दसऱ्याच्या सकाळी सुटणार होती. त्याची रायफल घ्यायला म्हैसूरचा एक जण परवाना घेऊन तयार बसला होता, पण साहेबाने रावांसाठी नवमीच्या संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं. दंडूतला, म्हणजे कॅन्टोन्मेंटमधला, म्हातारा पारशी दुकानदारही तोवर दुकान उघडं ठेवणार होता. मी रावांना बजावलं, उद्या उजाडताच रायफल घेऊन निघा.

नवमी म्हणजे खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी लेथपासून वरवंट्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. हत्यार एकदा पूजेला मांडलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. राव सकाळी अण्णांची आंघोळ उरकत होते तेवढ्यात वैनींनी नेहमीप्रमाणे रायफल भिंतीवरून काढून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुपारपर्यंत राव येत नाहीत हे बघून संध्याकाळी मीच जटका, म्हणजे टांगा, घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. उंबऱ्याशी कोहळा फोडलेला होता. राव ओसरीवर बसले होते.

"आज उचलता येणार नाही," ते म्हणाले.

"राव, तुम्ही शिकलेले माणूस. एवढ्याशा गोष्टीसाठी?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. अण्णा तरुण होते त्या वर्षी, नवमीलाच, त्यांच्या आनेकलच्या मळ्यावरून निरोप आला होता की गोठ्यात बिबट्या शिरला आहे. हीच रायफल पूजेत. आई म्हणाली, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. अण्णा थांबले होते.

"मीच फुलं बाजूला सारली," राव म्हणाले. "मीच उचलून त्यांच्या हातात दिली. मला बिबट्या बघायचा होता हो. बिबट्या पडला. येताना गाडी कलंडली, आणि चाक अण्णांच्या कमरेवर आलं."

"आई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. मरेपर्यंत त्यावरून एक शब्द बोलली नाही. अण्णाही नाहीत."

एवढ्यात आतून तो आवाज आला.

"तम्मा! आत ये. त्या बेळगावच्यांनाही घेऊन ये."

आम्ही आत गेलो. पलंगासमोर पाटावर रायफल, समई लावलेली, उदबत्तीचा वास. वैनी दाराशी उभ्या होत्या.

"गाडी आणलीय म्हणे," अण्णा म्हणाले. "मग ने."

"पूजा झालीय अण्णा."

"झाली ना? आता उचल. साहेब उद्या जाणार. हिने सांगितलं मला. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक, मलाच तेवढं कुणी सांगत नाही."

अण्णांनी हातांच्या जोरावर स्वतःला थोडं वर ओढलं.

"तम्मा, ही माझ्या डोक्यावर कुणी टांगली रे?"

"मी. तुमची रायफल. तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

"मला विचारलंस?" अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "डोळे उघडले की ही. मिटायच्या आधी ही. दर आठवड्याला तू हिला तेल लावतोस, मी बघत पडतो. मला वाटायचं, ह्याचा जीव आहे हिच्यात, ह्याला दुसरं आहे तरी काय, राहू दे. मला नको होती रे. पहिल्या दिवसापासून नको होती."

वैनींनी पदर तोंडाला लावला. मी खाली बघत उभा होतो. इतकी वर्षं ज्या माणसाचा मला राग येत होता तो माझ्यासमोर पडून एका रायफलीपासून सुटका मागत होता.

"उचल," अण्णा म्हणाले. "पाप लागलं तर मला लागू दे. माझं आता आणखी काय मोडायचं राहिलंय?" आणि ते चक्क हसले.

राव पुढे झाले, वाकले. माळेतलं एक फूल सुटून दस्त्यावर पडलं होतं, ते त्यांनी उचललं. मग ते पुन्हा होतं तिथे ठेवलं.

"नको अण्णा. उद्या."

"मी सांगतोय ना!"

"तेव्हाही मीच तुमच्या हातात दिली होती."

"मी घेतली होती!" अण्णा ओरडले. "मी घेतली! मला माझे हात नव्हते?"

राव पलंगाशी जमिनीवर बसले आणि अण्णांचे पाय चेपायला लागले. ज्या पायांना काही कळत नव्हतं ते पाय ते हळूहळू, मन लावून चेपत राहिले. अण्णांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खिडकीकडे फिरवली.

मी बाहेर येऊन जटका परत पाठवला. मला रावांची दया आली नाही. दार सताड उघडं असताना हा माणूस बसून कसा राहतो, याची चीड आली, आणि ती बरेच दिवस गेली नाही.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली तशी अण्णांनी ती रायफल घरात ठेवू दिली नाही. राव ती दुकानदाराकडे देऊन आले. टू-सेव्हन-फाइव्ह तोवर म्हैसूरला गेली होती. आता परवान्यावर जागा रिकामी होती. दुकानदाराने विचारलं, बोला, कुठलं बोअर हवं? जे असेल ते शोधून देतो. अख्ख्या क्लबाला बोअर ठरवून देणाऱ्या या माणसाने सांगितलं, "विचार करून सांगतो."

पुढे आम्ही पुष्कळ विचारलं. मेजरसाहेबांनी विचारलं, हॉटेलमालकाने विचारलं. राव म्हणायचे, बघतो. दुसऱ्यांना सल्ला देणं चालूच होतं आणि तो सल्ला अजूनही अचूक होता. बदलाची मुदत सरून गेली आणि पुन्हा अर्ज करायला कुणी त्यांच्या खिशात कागद कोंबला नाही. मी पुण्याकडे बदली होऊन गेलो होतो.

दोन-तीन वर्षांनी ऑफिसातल्या जुन्या मित्राकडून कळलं की राव गेले. बोर्डावर काम करता करता छातीत दुखलं, इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अण्णा मागे राहिले. असं होईल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या वेळी बंगळूरला गेलो तेव्हा बसवनगुडीत गेलो. दार वैनींनी उघडलं. अण्णा त्याच पलंगावर, खूप वाळलेले. आता त्यांचं सगळं वैनींचा भाचा करतो म्हणाले, बरं करतो. मी रावांबद्दल काहीतरी बोललो, जे अशा वेळी सगळेच बोलतात. अण्णांनी ते ऐकून घेतलं.

"तुम्ही त्याच्या शेजारी बसायचात," ते म्हणाले. "एक सांगा. त्याला कुठली हवी होती हो? सही करताना मी वाचलं नाही. वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, अण्णा जाब विचारतायत."

"टू-सेव्हन-फाइव्ह. सात मिलिमीटर."

"म्हणजे केवढी?"

माझ्या खिशाला पेन्सिल होती. ती काढून मी त्यांच्या हातात दिली.

"एवढी जाड. गोळी एवढीच असते."

अण्णांनी पेन्सिल दोन बोटांत धरून फिरवून पाहिली. आधी डोळ्यांजवळ, मग लांब धरून.

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कानांकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. मग ते म्हणाले, "मला स्वल्प भिंतीकडे वळवता का?"

मला ते येत नव्हतं. त्यांनीच सांगितलं, एक हात खांद्याखाली घाला, एक गुडघ्यांखाली, आणि श्वास सोडताना उचला. मी तसं केलं. त्यांना वजन असं काही उरलंच नव्हतं.

"सरी," भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले. "आता तुम्ही जा. उगाच थांबू नका."

मी ओसरीवर येऊन चपला घातल्या. पेन्सिल त्यांच्या मुठीतच राहिली होती, ती मी मागितली नाही.